कण बारीक झाला, कोअर्सिव्हिटी का घसरली? दुर्मिळ मृदा मिश्रधातूंचे नॅनोकण तपासण्याची पायरीवार पद्धत

निओडिमियम-लोह-बोरॉनची पूड बॉल मिलमध्ये दळायला घेतली. पहिले काही तास कोअर्सिव्हिटी चढत गेली. एका टप्प्यावर ती थांबली आणि पुढे दळण जितके लांबले तितकी ती खाली आली. अशा वेळी प्रयोगाच्या वहीत एक ठरलेले वाक्य उतरते: ‘कण सुपरपॅरामॅग्नेटिक झाले.’ म्हणजे इतके लहान, की नुसत्या उष्णतेनेच त्यांचे चुंबकन उलटसुलट होऊ लागते. लोहाच्या किंवा मॅग्नेटाइटच्या कणांबाबत ते खरे असू शकते. दुर्मिळ मृदा धातूंच्या (निओडिमियम, समेरियम यांसारख्या) मिश्रधातूंत मात्र ही हद्द इतकी खाली आहे की कण तिथे पोचण्याआधीच त्याला दुसरे काहीतरी खाऊन टाकते. ते दुसरे काय, हे कसे शोधायचे, त्याची ही पद्धत. पूड करण्याची सोय, क्ष-किरण विवर्तनमापी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि मॅग्नेटोमीटर एवढे हाताशी आहे असे धरले आहे.

कोअर्सिव्हिटी म्हणजे चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलट दिशेचे क्षेत्र. ॲनायसोट्रॉपी म्हणजे चुंबकनाने स्फटिकातल्या एका ठरावीक अक्षाला धरून बसण्याचा हट्ट. हा हट्ट मोडायला घनमीटरमागे किती ऊर्जा लागते, ते तिचे माप.

पायरी १: मिल सुरू करण्याआधी तीन लांब्या काढा

ही पायरी टाळणारे पुढे सगळीकडे अडखळतात. कागद-पेन्सिलीचे पाच मिनिटांचे काम आहे.

आधी हट्ट कुठून येतो ते पाहू. निओडिमियम किंवा समेरियमच्या ४-एफ कवचातल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो. निओडिमियमचा ढग चपटा असतो, समेरियमचा लांबट. शेजारच्या अणूंचे विद्युतक्षेत्र या बेढब ढगाला एका दिशेने अडकवून ठेवते. फिरक (स्पिन) आणि ढग एकमेकांना बांधलेले असल्याने चुंबकनही तिथेच अडकते. लोह आणि कोबाल्टचे काम वेगळे: चुंबकनाचा मोठा वाटा आणि उंच क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व टिकत नाही) त्यांच्याकडून मिळते. गॅडोलिनियमचा ढग गोल असतो, म्हणून तो दुर्मिळ मृदा धातू असूनही हा हट्ट त्याच्यात जवळजवळ नाही. ‘दुर्मिळ मृदा आहे म्हणजे कठीण (सहज न उलटणारा) चुंबक’ हे समीकरण म्हणूनच खोटे ठरते.

आता आकडे. निओडिमियम-लोह-बोरॉनच्या २:१४:१ प्रावस्थेची (अणूंच्या या प्रमाणातल्या स्फटिकाची) ॲनायसोट्रॉपी खोलीच्या तापमानाला सुमारे ४.९ मेगाज्यूल प्रति घनमीटर, संपृक्त चुंबकन (क्षेत्र वाढवूनही ज्याच्या पुढे जात नाही ते) १.६१ टेस्ला आणि क्युरी तापमान सुमारे ५८८ केल्विन. समेरियम-कोबाल्ट १:५ साठी हेच आकडे अनुक्रमे सुमारे १७ मेगाज्यूल, १.०७ टेस्ला आणि सुमारे १०२० केल्विन. तुलनेला साधे लोह घ्या. त्याची ॲनायसोट्रॉपी ०.०४८ मेगाज्यूल, म्हणजे निओडिमियम चुंबकाच्या शंभराव्या हिश्शाइतकी.

पहिली लांबी सुपरपॅरामॅग्नेटिक हद्दीची. कणाचा अडथळा म्हणजे ॲनायसोट्रॉपी गुणिले घनफळ. हा अडथळा औष्णिक ऊर्जेच्या साधारण २५ पट असेल, तर चुंबकन सरासरी शंभरेक सेकंद एका दिशेत टिकते, आणि नेहमीच्या मॅग्नेटोमीटरला एक बिंदू मोजायला साधारण तेवढाच वेळ लागतो. २५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. उलटण्याचा प्रत्येक प्रयत्न साधारण एक नॅनोसेकंदाचा धरला, तर शंभर सेकंद आणि एक नॅनोसेकंद यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम २५ येतो. दहा वर्षे टिकायला हवे असेल, तर २५ च्या जागी ४० घ्या.

३०० केल्विनसाठी हिशेब सोपा करून ठेवतो. १०३.५ ला ॲनायसोट्रॉपीने (मेगाज्यूल प्रति घनमीटरमध्ये) भागा. उत्तर घन नॅनोमीटरमध्ये येईल. त्यावरून गोलाचा व्यास काढा. निओडिमियम-लोह-बोरॉनसाठी २१ घन नॅनोमीटर, म्हणजे व्यास ३.४ नॅनोमीटर. समेरियम-कोबाल्ट १:५ साठी २.३ नॅनोमीटर. लोहासाठी १६ नॅनोमीटर. अडथळा व्यासाच्या घनाने बदलतो. त्यामुळे ॲनायसोट्रॉपी शंभरपट झाली तरी व्यास पाचपटीहून कमीच बदलतो, पण हाच पाचपटीचा फरक पुढे सगळा निकाल फिरवतो.

दुसरी लांबी डोमेनच्या भिंतीची. डोमेन म्हणजे एकाच दिशेत चुंबकित झालेला भाग, आणि भिंत म्हणजे दोन डोमेनमधला थर, जिथे दिशा वळते. विनिमय स्थिरांक (शेजारच्या अणूंची चुंबकने एकमेकांना किती घट्ट धरतात त्याचे माप) पिकोज्यूल प्रति मीटरमध्ये घ्या, त्याला ॲनायसोट्रॉपीने भागा, वर्गमूळ काढा आणि ३.१४ ने गुणा. उत्तर थेट नॅनोमीटरमध्ये. निओडिमियम-लोह-बोरॉनचा विनिमय स्थिरांक सुमारे ८ धरला तर भिंत ४ नॅनोमीटर. समेरियम-कोबाल्टसाठी १२ धरला तर २.६ नॅनोमीटर.

तिसरी लांबी एकल-डोमेन व्यासाची, म्हणजे ज्याखाली कणाच्या आत भिंत बांधणे ऊर्जेच्या हिशेबाने परवडत नाही. विनिमय स्थिरांक आणि ॲनायसोट्रॉपी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा, चुंबकनाच्या (टेस्लामधल्या) वर्गाने भागा आणि ९०.५ ने गुणा. निओडिमियम-लोह-बोरॉनसाठी सुमारे २२० नॅनोमीटर, समेरियम-कोबाल्ट १:५ साठी तब्बल १.१ मायक्रोमीटर. हे सूत्र कठीण चुंबकांपुरतेच आहे, लोहाला लावू नका. एकल-डोमेन कण संभवतात हे फ्रेंकेल आणि डॉर्फमन यांनी १९३० मध्येच सांगितले होते. किटेलचा ऊर्जेचा हिशेब १९४६ मधला.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. समेरियम-कोबाल्टचा कण २.३ नॅनोमीटरपासून हजार नॅनोमीटरच्या पुढेपर्यंत एकल-डोमेन आणि स्थिर, दोन्ही असतो. म्हणजे आपण नॅनोकण म्हणून जे काही करतो, ते जवळजवळ सगळे याच पट्ट्यात येते. दहा नॅनोमीटरच्या कणाची कोअर्सिव्हिटी गेली असेल, तर उष्णतेवर खापर फोडायला जागाच उरत नाही.

पायरी २: सिद्धांत किती घसरण मागतो ते लिहून ठेवा

स्थिर पट्ट्यातही उष्णता थोडा वाटा घेतेच. अक्ष एका रेषेत असलेल्या, एकमेकांपासून अलिप्त कणांसाठी नियम असा: हद्दीचा व्यास भागिले कणाचा व्यास, त्याचा दीड घात काढा आणि एकातून वजा करा. उरतो तो पूर्ण कोअर्सिव्हिटीचा अंश. निओडिमियम-लोह-बोरॉनसाठी २० नॅनोमीटरला ९३ टक्के, १० ला ८० टक्के, ७ ला ६६ टक्के, ५ ला ४३ टक्के आणि ३.४ ला शून्य.

हे आकडे आलेखावर रेघ म्हणून आधीच काढून ठेवा आणि मोजलेले बिंदू त्यावर नंतर मांडा. बिंदू रेघेच्या खूप खाली पडले की शोध सुरू करायचा.

पूर्ण कोअर्सिव्हिटी किती धरायची? ॲनायसोट्रॉपी क्षेत्र निओडिमियम-लोह-बोरॉनचे सुमारे ७.६ टेस्ला आणि समेरियम-कोबाल्ट १:५ चे ४० टेस्लाच्या आसपास. स्टोनर आणि वोलफार्थ यांच्या १९४८ च्या सिद्धांतानुसार, अक्ष सैरावैरा असलेल्या कणांत याचा ०.४८ पट भाग मिळायला हवा. प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. डिस्प्रोशियम (कोअर्सिव्हिटी वाढवणारा दुर्मिळ मृदा धातू) न घातलेल्या, नेहमीच्या सिंटर केलेल्या (पूड दाबून, तापवून घट्ट केलेल्या) निओडिमियम चुंबकाची कोअर्सिव्हिटी १.२ टेस्लाच्या घरात असते. या तफावतीला ब्राउनचा विरोधाभास म्हणतात, आणि तिचे मूळ पृष्ठभागावरच्या दुबळ्या जागांत आहे: तिथे उलट दिशेचा अंकुर फुटतो आणि बाकीचा कण त्याच्या मागे जातो. म्हणून रेघ ॲनायसोट्रॉपी क्षेत्रावरून नव्हे, तर आपल्याच मालिकेतल्या सर्वांत चांगल्या नमुन्यावरून काढा. शुद्ध सिद्धांताच्या दृष्टीने ही तडजोड आहे, पण कामाला येते.

पायरी ३: कण करताना त्याच्या कातडीची काळजी घ्या

माझ्या मते या विषयातले निम्मे गोंधळ इथे जन्माला येतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी नुसती भूमिती. १० नॅनोमीटरच्या कणाचा बाहेरचा अर्धा नॅनोमीटर थर म्हणजे त्याच्या घनफळाचा २७ टक्के भाग. ५ नॅनोमीटरच्या कणात हाच थर ४९ टक्के, तर १०० नॅनोमीटरच्या कणात जेमतेम ३. या थरातल्या दुर्मिळ मृदा अणूला एका बाजूने शेजारी नाहीत. ज्या विद्युतक्षेत्राने त्याचा ढग अडकवून ठेवला होता, ते तिथे मोडलेले असते. म्हणजे ऑक्सिजनचा एकही रेणू आत आला नाही तरी पृष्ठभाग दुबळाच असतो.

आणि ऑक्सिजन येतोच. या धातूंची त्याच्याशी मैत्री किती घट्ट आहे ते अपचयन विभवातून दिसते: निओडिमियम उणे २.३ व्होल्ट, कोबाल्ट उणे ०.२८ व्होल्ट. इतक्या अंतरामुळे लोह-प्लॅटिनमसारखे हे कण द्रावणात सहज उतरवता येत नाहीत. उतरवलेच तर समेरियम ऑक्साइड होऊन बसतो आणि कोबाल्ट तेवढा धातू राहतो. दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर धरला, तर २० नॅनोमीटरच्या कणात आतला धातू ५१ टक्के उरतो आणि १० नॅनोमीटरच्या कणात फक्त २२ टक्के.

त्यात निओडिमियम-लोह-बोरॉन नुसता गंजत नाही, फुटतो. निओडिमियम ऑक्साइडमध्ये निघून गेला की मागे चुंबकीयदृष्ट्या मऊ (सहज उलटणारे) अल्फा-लोह आणि लोहाची बोराइडे राहतात. हे मऊ लोह शेजारच्या कठीण गाभ्याला विनिमयाने जोडलेले असते. उलट क्षेत्रात ते आधी वळते आणि गाभ्यालाही ओढते. उष्णतेने होणाऱ्या घसरणीसारखीच दिसणारी घसरण इथून येते.

व्यवहारात तीन मार्ग आहेत. दळताना हेप्टेनसारखा द्रव आणि ओलेइक आम्ल किंवा ओलेइलअमिन घ्या. पूड चिकटत नाही आणि कातडीवर सेंद्रिय थर बसतो. यात गोल कणांपेक्षा पातळ पापुद्रे जास्त मिळतात, तेव्हा ‘व्यास’ लिहिताना जाडी की रुंदी ते सांगावे लागेल. दुसरा मार्ग ऑक्साइडांचे कॅल्शियमने किंवा कॅल्शियम हायड्राइडने अपचयन करण्याचा. कण कॅल्शियम ऑक्साइडच्या गाळात वेगवेगळे राहतात, पण तो गाळ धुताना फसगत होते. पाण्याने धुतले तर निर्माण होणारा हायड्रोजन निओडिमियम-लोह-बोरॉनच्या जाळीत शिरतो, जाळी फुगते आणि ॲनायसोट्रॉपी पडते. अमोनियम क्लोराइड घातलेले मेथनॉल त्यामानाने सौम्य. हायड्रोजन शिरलाच, तर निर्वातात तापवून काढावा लागतो. तिसरा मार्ग निष्क्रिय वायूत बाष्प गोठवण्याचा: कण सर्वांत स्वच्छ, पण हाती पडतात ते अगदी थोडे.

सुरक्षेचे थोडक्यात: ही बारीक पूड हवेत आपोआप पेटते. काम आर्गॉनच्या हातमोजापेटीत करा, ऑक्सिजन एक पीपीएमच्या खाली ठेवा आणि मिलचे भांडे पेटीतच उघडा. धातूची आग विझवायला पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरू नका. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडर आधीच हाताशी हवी.

पायरी ४: ‘आकार’ म्हणजे कोणता आकार?

वितळलेला मिश्रधातू फिरत्या चाकावर ओतून केलेल्या निओडिमियम-लोह-बोरॉन फितीचे तुकडे दहा ते शेकडो मायक्रोमीटरचे असतात, पण आतले स्फटिककण २० ते ५० नॅनोमीटरचे. चुंबकीय वागणूक ठरते ती स्फटिककणांवर आणि गंजणे तुकड्याच्या बाहेरच्या आकारावर. हे दोन आकार एकाच स्तंभात लिहिले की पुढचे सगळे विश्लेषण वाया.

क्ष-किरणांच्या शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने येतो तो सुसंगत स्फटिककणाचा आकार. दळलेल्या पुडीत ताणामुळेही शिखर रुंद होते, म्हणून विल्यमसन-हॉल आलेख (शिखराची रुंदी कोनानुसार कशी बदलते ते दाखवणारा) काढून दोन्ही वेगळे करा. उपकरणाची स्वतःची रुंदी आधी वजा करा. शंभर नॅनोमीटरच्या वर ही पद्धत भरवशाची नाही. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण लोह आणि कोबाल्टला प्रतिदीप्त करतात आणि पार्श्वभूमी फुगते. कोबाल्टची नळी असेल तर ती वापरा.

सूक्ष्मदर्शकात किमान दोन-तीनशे कण मोजा. आणि सरासरी सांगताना संख्येची की घनफळाची, ते ठरवा. २० नॅनोमीटरचा एक कण ५ नॅनोमीटरच्या ६४ कणांइतके घनफळ बाळगतो. मॅग्नेटोमीटरला घनफळ दिसते, डोळ्याला संख्या. हा फरक न पाहता ‘५ नॅनोमीटरच्या कणांची कोअर्सिव्हिटी’ म्हणून छापलेला आकडा पुष्कळदा चार मोठ्या कणांचा असतो.

पायरी ५: मोजणी

सुटी पूड नमुनाधारकात भरून क्षेत्र लावले की कण जागेवरच फिरतात आणि कोअर्सिव्हिटी कमी दिसते. ती मेणात किंवा इपॉक्सीत पक्की करा. अक्ष एका रेषेत हवे असतील, तर इपॉक्सी सुकेपर्यंत क्षेत्र चालू ठेवा.

दुसरा सापळा क्षेत्राचा. ॲनायसोट्रॉपी क्षेत्र ४० टेस्ला असलेल्या समेरियम-कोबाल्टच्या एकल-डोमेन कणांना २ टेस्लाचा विद्युतचुंबक पुरता उलटवू शकत नाही. वळण (क्षेत्र पुढे-मागे नेताना चुंबकनाचा उमटणारा वक्र, म्हणजे हिस्टेरिसिस लूप) बंद दिसते, पण ते अर्धेच असते. त्यातून आलेली कोअर्सिव्हिटी निरर्थक. ओळखायची युक्ती साधी आहे: कमाल क्षेत्र वाढवत जाऊन वळण पुन्हा मोजा. कोअर्सिव्हिटी अजून वाढतेच आहे, तर नमुना संपृक्त झालेला नाही. मग अतिवाहक चुंबकाच्या उपकरणाकडे जा, किंवा नमुना आधी स्पंद क्षेत्रात चुंबकित करून आणा.

वळण हाती आले की संपृक्त चुंबकन वाचा. माझ्या दृष्टीने ते कोअर्सिव्हिटीइतकेच बोलके आहे. निओडिमियम-लोह-बोरॉनसाठी ते किलोग्रॅममागे १६८ अँपिअर-वर्गमीटरच्या आसपास हवे, समेरियम-कोबाल्ट १:५ साठी सुमारे १००. २० नॅनोमीटरच्या कणांनी ८६ दिले, तर गुणोत्तर ०.५१. त्याचे घनमूळ ०.८, म्हणजे व्यासाचा पाचवा भाग, दोन्हीकडे मिळून ४ नॅनोमीटर, मृत झाला आहे. थराची जाडी २ नॅनोमीटर. घनतेतला फरक यात धरलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच, पण सूक्ष्मदर्शकातल्या थराशी तो जुळतो का ते लगेच तपासता येते. एक इशारा: गंजून अल्फा-लोह सुटले असेल तर त्याचे किलोग्रॅममागे २१८ चे चुंबकन हा हिशेब वर ढकलते. दुसऱ्या चतुर्थांशात वळणाला खांदा पडलेला दिसला, की हे लोह आहे असे समजा.

पायरी ६: उष्णतेला दोषी धरण्याआधी तिची साक्ष घ्या

नमुना क्षेत्राविना थंड करून, नंतर ५-१० मिलिटेस्लाच्या क्षेत्रात तापवत मोजला की जे शिखर दिसते त्याला अवरोध तापमान (ज्याच्या खाली कणाचे चुंबकन अडकून बसते) म्हणण्याची प्रथा आहे. दुर्मिळ मृदा मिश्रधातूंत ही प्रथा फसवते. ५ नॅनोमीटरच्या निओडिमियम-लोह-बोरॉन कणाचे अवरोध तापमान, ॲनायसोट्रॉपी स्थिर धरून, ९३० केल्विनच्या आसपास येते. क्युरी तापमान आहे ५८८. समेरियम-कोबाल्टच्या तेवढ्याच कणासाठी आकडा ३२०० केल्विनवर जातो. तापवताना ॲनायसोट्रॉपी घटते, त्यामुळे हे आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण अर्थ स्पष्ट आहे: असा कण क्युरी तापमानाच्या जवळ जाईपर्यंत सुटतच नाही.

मग दहा नॅनोमीटरच्या नमुन्यात ५० केल्विनला शिखर आले, तर ते कुणाचे? मुख्य प्रावस्थेचे नक्कीच नाही. कोबाल्टचे किंवा लोहाचे इवले तुकडे, अस्फटिक थर किंवा ऑक्साइड हे संशयित. अगदी खालच्या तापमानाला चुंबकन वर उसळत असेल, तर ते ऑक्साइडमधल्या निओडिमियम आयनांचे समचुंबकत्व. आणि १३५ केल्विनच्या आसपास निओडिमियम-लोह-बोरॉनच्या वक्रात येणारा खळगा आकारामुळे नसतो. त्या तापमानाखाली त्याची सुलभ दिशा अक्षावरून कलून शंकूवर जाते, कण केवढाही असो.

खऱ्या सुपरपॅरामॅग्नेटिझमची कसोटी कडक आहे. वळणात शेष चुंबकन (क्षेत्र काढल्यावर मागे राहणारे) उरता कामा नये. वेगवेगळ्या तापमानांची वळणे, संपृक्त चुंबकनातला बदल हिशेबात घेऊन, क्षेत्र भागिले तापमान या अक्षावर मांडली की एकमेकांवर बसली पाहिजेत. प्रत्यावर्ती क्षेत्रात मोजताना वारंवारता वाढवली की शिखर वरच्या तापमानाकडे सरकले पाहिजे. तिन्ही जुळले तरच ते वाक्य वहीत लिहा.

पायरी ७: खरा दोषी वेगळा काढा

उरलेले संशयित दोन: बिघडलेला स्फटिक आणि गंजलेली कातडी. त्यांना वेगळे करायला पुडीचा एक वाटा निर्वातात सुमारे ६०० अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवा. दळणाने निओडिमियम-लोह-बोरॉनची जाळी अस्फटिक झाली असेल, तर ती पुन्हा जुळते, क्ष-किरणांची शिखरे उभी राहतात आणि कोअर्सिव्हिटी परत येते. निओडिमियम ऑक्साइडमध्ये गेला असेल, तर तापवून तो परत येत नाही. उलट अल्फा-लोहाची शिखरे टोकदार होतात आणि वळणाचा खांदा वाढतो. तापवताना स्फटिककणही वाढतात, म्हणून नंतर आकार पुन्हा मोजा, नाहीतर दोन बदल एकत्र होऊन बसतील.

मऊ लोह नेहमीच शत्रू असते असेही नाही. नेलर आणि हाविग यांनी १९९१ मध्ये दाखवले की कठीण कणांना जोडलेला मऊ भाग कठीण प्रावस्थेच्या भिंतीच्या जाडीच्या दुपटीपेक्षा लहान राहिला, तर तो स्वतंत्रपणे उलटत नाही आणि आपले जास्तीचे चुंबकन चुंबकाला देऊन जातो. निओडिमियम-लोह-बोरॉनमध्ये ही मर्यादा ८ नॅनोमीटर, समेरियम-कोबाल्टमध्ये जेमतेम ५. पहिल्या पायरीत काढलेली भिंतीची जाडी इथे पुन्हा लागते. अल्फा-लोहाचे शिखर शेररच्या सूत्रात घाला. १५ नॅनोमीटर आले, तर वळणाला पडलेल्या खांद्याचे कारण सापडले.